सिनेमातली कापाकापी आणि डोळ्यांवर धरलेला हात (थोडे स्पॉयलर आहेत)

स्वल्पविराम
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

परवा शनिवारी नवऱ्याने 'किल' लावला. ट्रेनमधला. मला माहीत होतं की मारामारीचा आहे पण इतका असेल असं नव्हतं वाटलं, अर्धा सिनेमा मी डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघितला. नवरा म्हणतो, 'बघायचं नाही तर बसलीस कशाला?' उठले पण नाही हे पण खरंय.

तेव्हापासून मला 'छावा'ची आठवण येतेय. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकाला घेऊन गेलो होतो, तेव्हा अकरा वर्षांचा होता. सर्टिफिकेट यूए १६+ होतं, म्हणजे आमच्या जबाबदारीवर, ते कबूल. पण संभाजी महाराजांचा सिनेमा म्हटल्यावर अख्ख्या सोसायटीने पोरं नेली होती, आम्हीही नेलं. तर झालं असं की पहिल्या दोन तासांत शेकड्याने माणसं कापली गेली आणि हा पठ्ठ्या पॉपकॉर्न खात होता. सिंह आला, लढाया झाल्या, मुंडकी उडाली, हा मजेत. मग संगमेश्वर. मग तो शेवटचा भाग, नखं, मीठ, डोळे. मी डोळे मिटले. मध्येच बाजूला बघितलं तर याच्या मांडीवर पॉपकॉर्नचा डबा तसाच, एक दाणा हातात धरलेला आणि तो हात तोंडापर्यंत जाऊन थांबलेला. डोळे मिटले नव्हते त्याने. रात्री झोपताना विचारतो, 'आई, मीठ खरंच चोळलं होतं का?'

नंतर दोन-तीन आयांनी मला सुनावलं की असलं लहान मुलांना दाखवतात का, शेवटच्या अर्ध्या तासाला बाहेर आणायचं ना. आणि मला तेव्हापासून उलटाच प्रश्न पडलाय. त्याला वाईट वाटलं, रडला, प्रश्न विचारला, ते वाईट झालं? की ते आधीचे दोन तास वाईट, ज्यात एवढी माणसं मेली आणि पॉपकॉर्न संपत आलं?

बोरीबंदर
जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्नचा विषय निघालाच आहे तर एक मोठा डबा घेऊन बसतो.

खडूस काका
स्वल्पविराम ताई, चांगला विषय. माझं मत स्पष्ट आहे, दाखवायची गरजच नसते. १९७५ चा 'शोले' घ्या. ठाकूरचे हात तोडतात तेव्हा तुम्ही हात तुटताना बघितलेत का? नाही. गब्बर तलवारी उचलतो, आणि पुढे काय तर वाऱ्याने शाल उडते आणि बाह्या रिकाम्या. संपलं. ठाकूरचा तो लहान नातू, गब्बर बंदूक रोखतो आणि गोळीच्या जागी आगगाडीचा आवाज. आपल्या सचिन पिळगावकरांचा अहमद कसा मारला? गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चढते, तिला चिरडतो. पुढच्या शॉटला गावात घोडा येतो, पाठीवर प्रेत. एक थेंब दाखवला नाही आणि पन्नास वर्षं झाली तरी अंगावर काटा येतो. आजच्या पोरांना कॅमेऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडवल्याशिवाय काही सांगताच येत नाही.

गावठी_कॅमेरा
काका, मुंगीला शंभर मार्क. पण तुम्ही 'शोले'चा शेवट सोयीस्कर विसरलात. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. आणीबाणीचा काळ, सेन्सॉरला ते चाललं नाही, म्हणून पोलीस येतात आणि 'कानून' वगैरे भाषण होतं. डिसेंबर २०२५ ला मूळ शेवट घालून थेटरात परत आला तेव्हा मी बघून आलो. ठाकूर मारतो आणि मग ढसाढसा रडतो. मला तो शेवट जास्त खरा वाटला. म्हणजे 'दाखवलं नाही' हे दर वेळी दिग्दर्शकाचं मोठेपणच असतं असं नाही, कधी कधी सरकारी कात्री पण असते.

आणि 'किल'बद्दल. ताई, बोटांच्या फटीतून बघितलात तर एक गोष्ट निसटली असेल. सिनेमाचं नाव पडद्यावर कधी येतं? सुरुवातीला नाही. जवळजवळ अर्ध्यात येतं. तोपर्यंत हिरो कमांडो असूनही मारून टाकत नाहीये, आडवं करतोय, हातपाय तोडतोय फारतर. मग त्याच्या बाबतीत जे व्हायचं ते होतं आणि मग नाव येतं, आणि तिथून पुढे तो माणूस राहत नाही. फायर एक्स्टिंग्विशरने जे करतो ते बघवत नाही, पण दिग्दर्शकालाही ते बघवू नये असंच वाटतंय. सगळ्यात भारी म्हणजे ते दरोडेखोर एका कुटुंबातले आहेत. काका, पुतण्या, भाऊ. त्यांचं माणूस मेलं की ते थांबून रडतात. हिंदी सिनेमात गुंडाच्या प्रेतावर कुणी रडलेलं शेवटचं कधी बघितलंत? मला हिरोचीच भीती वाटायला लागली होती. हे सगळं कॅमेरा बाजूला वळवून झालं नसतं.

जाता जाता, बाजूला वळवण्यात पण मजा असते. टॅरेंटिनोच्या १९९२ च्या पहिल्या पिक्चरमध्ये कान कापतात तेव्हा कॅमेरा सरळ भिंतीकडे जातो. तरी आमच्या ग्रुपमधले दोघं शपथेवर सांगतात की त्यांनी कान कापताना बघितलाय.

बोरीबंदर
सगळं ठीक आहे पण पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली पट्टी येते आणि गळा चिरला की काही येत नाही याची मला कायम गंमत वाटते. 'गळा चिरणे आरोग्यास हानिकारक आहे' अशी पट्टी यायला काय हरकत आहे.

रातपाळी
मी सहसा वाचनमात्र असते पण या धाग्यावर राहवलं नाही. तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत काम करते, अठरा वर्षं झाली. त्यामुळे माझी तक्रार वेगळी आहे. मला सिनेमातलं रक्त जास्त आहे असं वाटत नाही, दुखणं कमी आहे असं वाटतं.

डोक्यात रॉड बसलेला माणूस मान झटकून उठत नाही हो. उलट्या करतो, तोच प्रश्न दहा वेळा विचारतो, बायकोला ओळखत नाही. आणि तो वाचला तरी पुढची दोन-दोन वर्षं त्याच्या घरच्यांची कशी जातात ते मी बघितलंय. पोटात चाकू लागलेला एक जण स्वतः चालत आला होता, पोटावर टॉवेल धरून, आणि मला विचारतो, 'ताई, केसपेपर कुठं काढायचा?' अगदी साध्या आवाजात. आरडाओरडा नाही की डायलॉग नाही. टेबलावर घेतल्यावर त्याचं एकच चाललं होतं की चप्पल बाहेर राहिली, कुणीतरी घेऊन जाईल. मी ती चप्पल आत आणून टेबलाखाली ठेवली तेव्हा गप्प झाला. तो ऑपरेशन थिएटरात गेला आणि चप्पल सकाळपर्यंत तिथेच होती. सिनेमात हे कधी बघितलं नाही मी.

आता कोयत्याचं फॅड आलंय. सतरा-अठराची पोरं. कोयता हातात घेऊन, मागे गाणं लावून रील करतात. त्यातला एक मारणारा माझ्याकडेच आला होता कारण मूठ रक्ताने निसरडी होते आणि हात पुढे सरकतो, त्याचीच बोटं गेली होती. टाके घालताना आईला हाका मारत होता. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, करावीच लागते, पोलीस बाहेर उभे, आणि तो मला विचारतो 'मॅडम, बोट हलेल ना परत?' त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कोयता मारणाऱ्यालाही लागतो. मी सिनेमाला दोष देत नाही, घर, शाळा, संगत, बेकारी, सगळंच असतं त्यात. पण सिनेमावाल्यांना एवढंच म्हणेन, दाखवताय ना, मग पूर्ण दाखवा. मारल्यानंतरचे दहा दिवस पण दाखवा.

कडीपत्ता
रातपाळी ताई, त्या चपलेपाशी थांबलो. पुढचं वाचायला वेळ लागला.

मी आपला हलकं काहीतरी लिहितो. आम्ही एकांकिका स्पर्धा करायचो तेव्हा रक्त बनवायचं खातं माझ्याकडे. पहिल्या वर्षी कुंकू पाण्यात कालवलं, लाइट पडल्यावर ते सरबतासारखं गुलाबी दिसलं, प्रेक्षकांत खसखस पिकली आणि आमचा नायक हशात मेला. मग एका जुन्या मेकअपवाल्यांनी शिकवलं, साखरेचा पाक, त्यात खायचा लाल रंग, आणि शेवटी थोडा कोको, नाहीतर रंग भडक राहतो. फुग्यात भरून काखेत बांधायचं आणि हात दाबून फोडायचं. हिचकॉकने 'सायको'मध्ये तर चॉकलेट सिरपच वापरलं होतं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुणाला कळतंय. आमचा पाक मात्र इतका गोड झाला की दुसऱ्या दिवशी फायनलला ट्रंक उघडली तर नायकाच्या सदऱ्याला मुंग्या. काकांच्या मुंगीवरून आठवलं.

रंगाचाच विषय निघालाय तर तेंडुलकरांचं 'गिधाडे' (१९७०) आठवा. माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली तर डॉ. लागूंनी तो डाग निळा केला आणि तशी घोषणाही केली. आता मला सांगा, निळा डाग बघून बसलेल्या प्रेक्षकाला लाल डागापेक्षा कमी त्रास झाला असेल का जास्त?

खडूस काका
जास्त. आणि हेच मी म्हणतोय.

गावठी_कॅमेरा
काका, पण मुळात लेखकाला आणि दिग्दर्शकाला डाग हवा होता हे विसरू नका. 'नको दाखवायला' असं तेंडुलकर म्हणत नव्हते, ते सेन्सॉर म्हणत होतं. तुम्ही चुकून सेन्सॉरच्या बाजूला जाऊन बसलाय.

खडूस काका
वयाचा मान म्हणून खुर्ची मिळते तिथे बसतो.

नेमस्त
सगळे जण कलाकुसरीबद्दल बोलताहेत, परिणामाबद्दल कुणीच नाही. सिनेमाने काही होत नसतं असं म्हणणाऱ्यांसाठी, 'छावा' आल्यानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते, मुघलांचा खजिना सापडेल म्हणून. ते हसण्यावारी गेलं. पण १७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली आणि या सिनेमाने औरंगजेबाबद्दलच्या लोकांच्या भावना पेटल्यात असं मुख्यमंत्रीच विधानसभेत म्हणाले. मी एकट्या सिनेमाला जबाबदार धरत नाहीये. पण ताईंच्या लेकाने 'मीठ खरंच चोळलं का' एवढं विचारलं, त्याच शोमधून बाहेर पडलेल्या एखाद्या पंचविशीतल्या पोराने वेगळंच काही विचारलं असेल. त्रास झाला म्हणजे चांगलंच झालं असं नसतं. त्रास झालेला माणूस नंतर कुणाला तरी शोधत असतो.

(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
नागपूरचा उल्लेख ठेवतोय, पण त्यावरचे पुढचे चार प्रतिसाद काढले आहेत. सिनेमावर बोलू या. औरंगजेबाचे धागे आधीच तीन आहेत.

टेंभुर्णी
मी सोलापूरकडचा. आमच्याकडं 'सैराट' लागला तवा (२०१६) काय झालं ते सांगतो. टॉकीजात पहिल्या आठवड्यात बसायला जागा नव्हती, गाणी लागली की पोरं पडद्यापुढं नाचायची, पैसे उधळायची. मी चार वेळा बघितला, त्यातला पहिला शो कधीच विसरणार नाही. शेवटी हैदराबादला माहेरची माणसं येत्यात, साड्या-बिड्या घेऊन, चहा होतो, तेवढ्यात शेजारीण बाळाला फिरवायला घेऊन जाते. टॉकीजात पोरं शिट्ट्या मारत होती, त्यांना वाटलं आता समेट झाला. मग ते पोरगं परत येतं. आत जातं. आणि आवाजच बंद. मागं वळतं, रडत बाहेर येतं, फरशीवर पावलं उमटत्यात लाल.

मारताना एक सेकंद पण दाखवलं नाही. पण पडलेले दोघं दाखवले, रक्त दाखवलं, लपवलं काहीच नाही. काकांचं पण बरोबर आणि कॅमेरावाल्यांचं पण. आमच्या टॉकीजात दिवे लागले तरी कुणी उठंना. माझ्या पुढच्या रांगेत बसलेला एक जण, नाव सांगत नाही, त्याच्या बहिणीचं असंच प्रकरण चालू होतं गावात. तो खाली मान घालून बसला होता. आम्ही मुद्दाम त्याच्याकडं बघितलं नाही.

आता ह्याच्या उलट सांगतो. 'अ‍ॅनिमल' (२०२३). त्या हॉटेलातल्या मारामारीत आपलं 'डॉल्बीवाल्या' वाजतं. उपेंद्र लिमयेंनी मशीनगन आणून दिल्यावर तर टॉकीज डोक्यावर. शेकड्यानं माणसं मेली त्या सीनला. मी पण नाचलो, खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर मित्रानं विचारलं, 'किती मेले रं?' आम्हाला एकाचं पण तोंड आठवंना, सगळ्यांनी मुखवटेच घातले होते.

रातपाळी
टेंभुर्णी भाऊ, मुखवट्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गावठी_कॅमेरा
आयला. माझ्याही नाही, आणि मी तो तीन तास एकवीस मिनिटांचा सिनेमा दोनदा बघितलाय.

अर्धा कप
उशिरा आलो. संस्कृतचा मास्तर असल्याने राहवत नाही म्हणून लिहितो. हा वाद आजचा नाही. आपल्या नाट्यशास्त्राने रंगमंचावर वध दाखवू नये असंच सांगितलंय, लढाई, मरण वगैरे कुणीतरी येऊन सांगायचं. आणि तरी भासाने 'ऊरुभंग' लिहिलं. त्यात गदायुद्ध दिसत नाही, ते सैनिक वर्णन करून सांगतात. पण मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावर सरपटत येतो आणि तिथेच मरतो. त्याचा लहान मुलगा नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो आणि दुर्योधनाला त्याला 'नको' म्हणावं लागतं. वर्गात हे शिकवताना एरवी मागच्या बाकावर मोबाइल चालतो, त्या दिवशी चालत नाही. गदेचा घाव नाही बघितला तरी चालेल, मोडलेली मांडी बघावीच लागेल, असं भासाला वाटलं असावं. आणि मरणारा खलनायक आहे बरं का.

नेमस्त
मास्तर, हे आवडलं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. 'बँडिट क्वीन'च्या वेळी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की फूलनची गावात विवस्त्र धिंड काढतात तो प्रसंग करणाऱ्यांची किळस यावी आणि तिच्याबद्दल कळवळा यावा म्हणून आहे, तेव्हा राहू द्या. कोर्टाचं पटतं मला. पण कळवळा कुणाचा येईल हे प्रेक्षकावरही असतं. त्याच सीनला शिट्टी मारणारे पण असतात, मी स्वतः ऐकल्यात, कॉलेजात असताना. दिग्दर्शकाने कितीही मनापासून काढलेलं असू दे.

स्वल्पविराम
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळे वाचले, रातपाळी ताईंचा दोनदा.

नेमस्त, तुमचा मुद्दा मला झोंबला कारण तो खरा आहे. त्या शोमध्ये शेवटी घोषणा झाल्या, आम्हीही दिल्या, लेकाने पण दिल्या, रडत रडत. त्या घोषणांत दुःख किती आणि राग किती ते मला आजही सांगता येणार नाही. पण रात्री त्याने मीठाचं विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी गुडघ्याला खरचटलेलं होतं त्याला साबण लागला तर एकदम ओरडला आणि मग गप्प झाला. मला काय ते कळलं. रातपाळी ताई 'दुखणं कमी आहे' म्हणतात ना, त्या अर्ध्या तासात ते होतं आणि आधीच्या दोन तासांत नव्हतं, एवढं माझ्यापुरतं ठरलं. आता परत न्यायची वेळ आली तर शेवटाला बाहेर आणणार नाही. लढायांना आणेन फारतर, तो ऐकणार नाही ते सोडा. आणि 'अ‍ॅनिमल' मात्र अठरा झाल्यावर, स्वतःच्या पैशाने.

खडूस काकांच्या सांगण्यावरून काल घरी 'शोले' लावला. जुना, पोलीस येतात तो. सासरे आणि लेक शेजारी शेजारी. मुंगीचा सीन आला तर हा म्हणतो, 'पुढे काय झालं? अहमदला काय केलं?' सासरे म्हणाले, 'बघ की, घोडा येतोय.' घोडा आला, 'इतना सन्नाटा क्यों है भाई' झालं, आणि हा उठून किचनमध्ये माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, उगाच फ्रीज उघडला आणि बंद केला.

खडूस काका
म्हटलं होतं ना.

स्वल्पविराम
थांबा काका, एवढ्यात जिंकू नका. 'छावा'च्या रात्री तो रडून झोपला होता. काल झोपलाच नाही. साडेअकराला आमच्या खोलीत आला, गब्बरने अहमदला नक्की काय केलं असेल याचे त्याने स्वतःचे तीन प्रकार तयार केले होते आणि तिन्ही मला सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही, संपादक उडवतील. मी म्हटलं, अरे सिनेमात तसं काहीच दाखवलं नाहीये. तर म्हणतो, 'म्हणून तर.'

मग बराच वेळ आमच्या मध्ये पडून राहिला. मला वाटलं लागली झोप. तेवढ्यात विचारतो, 'ते आजोबा आंधळे होते ना, त्यांना काहीच दिसलं नाही, मग त्यांना कमी वाईट वाटलं असेल का?'

नवरा घोरत होता. मी म्हटलं, उद्या शाळा आहे, झोप आता.